आईचं ताट

"ताई, ते पत्र ठेव खाली... आधी आईचं ताट वाढू दे!"

डेल्फीनने पत्र ठेवलं नाही. सरोवरातल्या नव्या तांदळाचा पहिला भात शिजला होता, आणि गेलेल्या माणसांचं ताट मांडल्याशिवाय अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींच्या घरात कुणी घास घेत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या पत्रावर सही होती समोर उभ्या असलेल्या तिच्या पाठच्या भावाची, जमातीचा प्रमुख असलेल्या वेंडेलची! जमातीच्याच कॅसिनोच्या लाँड्रीत, चादरींच्या इस्त्रीयंत्राने तिच्या उजव्या हाताची बोटं चिरडून तुटली होती. तिने राज्याच्या कोर्टात भरपाई मागितली, तेव्हा त्याने याच पत्रातून त्या कोर्टाला कळवलं, की जमात सार्वभौम आहे, तिच्या संमतीवाचून तिच्यावर दावा चालत नाही. दावा फेटाळला गेला.

"ते कोर्ट एकदा घरात शिरलं असतं, तर परत गेलं असतं का ताई? आईला लहानपणी शाळेच्या नावाखाली उचलून नेलं, ते सरकारी माणसांनीच ना?"

"मला सांगतोस? त्या शाळेत कापलेल्या तिच्या वेण्यांची गोष्ट ऐकतच वाढले मी! अरे, आपल्याच कचेरीत अर्ज द्यायला मी तीनदा तुझ्या दाराशी आले. तीनदा म्हणालास, नंतर ये. मुदत टळली... मग वकिलानं नेलं तिथं गेले."

वेंडेलची मान खाली गेली. "लोक म्हणाले असते, बहिणीचं काम आधी केलं. इथं सगळेच नात्यातले, सगळ्यांचे अर्ज घेतले... तुझ्याच कागदाला हात लावायचा धीर झाला नाही."

अपिलाची मुदत आज संपत होती. डेल्फीनने अपिलाचा अर्ज डाव्या हाताने उचलला आणि चुलीत घातला. "आपला निवाडा आपल्याच घरी, हे आईचं मागणं होतं. ते मी मोडणार नाही. पण घरीच निवाडा मिळत नसेल, तर मी कुठं जाऊ रे?"

तेवढ्यात सरोवराकडून आवाज आला... टक्, टक्! पाण्यातली भाताची रोपं वाकवून दाणे होडीत झोडण्याचा. आईचे झोडणीचे दोन्ही दांडके तर भिंतीवर टांगलेले होते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यावर एकही होडी नव्हती.

"कोण आहे तिकडं?" वेंडेल दचकला.

"तुलाही ऐकू येतंय?" डेल्फीन त्याच्याकडे वळली. "बोटं गेली त्या दिवसापासून रोज ऐकतेय मी. वेडी म्हणतील म्हणून बोलले नाही."

वेंडेलने भात वाढला आणि ताट आईच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. "आई, चुकलो मी! उद्या जमातीच्या सभेत मागणी करतो, की ताईला आपल्याच कोर्टात आपल्याविरुद्ध उभं राहू द्या, मुदत टळली असली तरी. नाही म्हणाले, तर प्रमुखपद सोडतो."

त्याने बहिणीचा तो बोटं नसलेला हात पहिल्यांदाच आपल्या हातात घेतला. बाहेरचा आवाज थांबला. इतके महिने डेल्फीनला त्या आवाजाची भीती वाटत होती. आता तो थांबताच आई खरंच गेली, असं वाटून ती हमसून हमसून रडू लागली.