जावाहून आलेला फोन

परतीच्या पावसानं त्या दुपारी तेरखेड्याला पार झोडपून काढलं. हायवेकडच्या फटाक्याच्या दुकानात महेश्वरी खोक्यांवर ताडपत्री ओढत होती. तेवढ्यात एक तरुण मोटारसायकल तशीच टाकून आत शिरला. केसांतून पाणी निथळत होतं, चष्म्यावर वाफ धरली होती.

"तिथंच थांबा!" ती ओरडली. "मालावर थेंब पडला तर अख्खं खोकं घ्यावं लागंल."

"घेतो की. भुईनळेच घ्यायला आलोय. पण आवाज नको... नुसतं कारंजं हवं."

"लग्नासाठी?"

"छे छे—" त्यानं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि समोरची सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी त्याला पहिल्यांदा नीट दिसली. तो अडखळला. "ज्वालामुखीसाठी."

महेश्वरी खळखळून हसली. गिऱ्हाइकाला हसू नये हे वडलांनी हजारदा बजावलं होतं, तरी हसली.

तो रणधीर. घर तुळजापूरला, नोकरी तालुक्याच्या गावी, वाशीच्या ज्युनियर कॉलेजात, विषय भूगोल. प्रदर्शनासाठी पोरांनी मातीचे तीन डोंगर केले होते आणि त्यातला एक त्याला वर्गात पेटवायचा होता.

"वर्गात?" तिचं हसू मावळलं. "अन् पोरांच्या डोळ्यात ठिणगी गेली म्हंजी? ऱ्हाऊ द्या सर. म्या येते. मैदानात पेटवू."

ठरल्या दिवशी ती खरंच गेली. वीस पावलांवर चुन्याची रेघ मारली, पोरांना रेघेपलीकडं पिटाळलं आणि मागं उभी राहून ऐकत राहिली.

"हा पसरट ढालीसारखा," रणधीर सांगत होता. "याचा लाव्हा पातळ, लांबवर वाहतो. हा बुटका, राखेचा आणि खड्यांचा ढीग. आणि हा उंच, देखणा... याचा भरवसा धरू नका. आतला रस घट्ट, वायू कोंडून राहतो. शंभर वर्षं गप्प बसेल आणि एका सकाळी डोकं उडवेल."

"मग माणूस मरतो कशानं?" मागून प्रश्न आला. "लाव्ह्यानं?"

पोरं वळली. रणधीर तिच्याकडंच बघत म्हणाला, "बहुतेकदा न्हाय. लाव्हा दिसतो, त्याच्यापुढं पळता येतं. मारतो तो तापलेल्या राखेचा अन् वायूचा लोट... गाडीपेक्षा जोरात उतरतो. राख भिजली की छपरं खाली येतात. अन् सगळं निवल्यावर पाऊस पडतो, तेव्हा तीच राख चिखल होऊन ओढ्यानं गावात शिरते. लोक तेव्हा घरी परतलेले असतात."

महेश्वरीनं पदराखाली हात लपवले. विझला समजून उचललेला फटाका हातात फुटून तिचे वडील बिभीषण यांच्या डाव्या हाताला दोनच बोटं उरली होती. धोका निवल्यावर परतणं म्हणजे काय, हे तिच्या घराला कुणी शिकवायला नको होतं.

त्यानंतर रणधीर दर आठवड्याला काही ना काही विकत घ्यायला येऊ लागला. होळीलासुद्धा त्याला फुलबाज्या लागल्या.

"सर, एवढं जाळता कुठं?"

"जाळत न्हाय. कपाटात ठेवलंय."

"येडं हाय का काय! घरात ठेवता?"

"मग तूच येऊन काढ..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

एका रविवारी येडशीच्या घाटात त्यानं तिला रस्त्यासाठी कापलेला कडा दाखवला. काळ्या दगडाचे थरांवर थर होते. "इथं डोंगर फुटला न्हाय," तो म्हणाला. "जमिनीलाच भेगा पडल्या अन् लाव्हा वाहत राहिला. आपलं रान, आपलं घर, सगळं त्याच्यावर." तिनं दगडावर तळवा टेकला. त्यानं तिच्या तळव्यावर आपला ठेवला. तिच्या बोटांवर गंधकाचा पिवळा डाग होता, तो त्यानं अंगठ्यानं हळूच पुसून बघितला... गेला नाही.

"महेश्वरी, फटाक्याची दारू कालवायचं सोड. मला झोप लागत न्हाय."

"अन् खायाचं काय?"

"माझ्यासाठी."

तिनं सोडलं. सोपं नव्हतं ते. वडलांच्या फटाक्याच्या अख्ख्या शेडमध्ये तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी बिभीषण म्हणाले, "पोरगा बरा हाय. पर तुझ्यासाठी त्येनं काय सोडलं, ते बी बघ." महेश्वरी वाशीला कापडाच्या दुकानात लागली.

आषाढात रणधीर पत्र घेऊन आला. इंडोनेशियात, जावा बेटावर, जागृत ज्वालामुखीवर पहारा ठेवणाऱ्या पथकात दोन वर्षं काम. त्याचे डोळे तिनं इतके उजळलेले कधी पाहिले नव्हते.

"तो उंच, देखणा डोंगर... तसलाच?"

"तसलाच."

"नगं जाऊस," ती म्हणाली. "म्या तुझ्यासाठी हातातलं काम टाकलं. तू टाकशील?"

तो बुटानं माती उकरू लागला. "दोनच वर्षं, महेश्वरी. आल्यावर लगीन."

तो गेला. आधी रोज फोन यायचा, मग रविवारचा, मग सणाचा. "कामाचा लोड हाय," तो म्हणायचा. ती म्हणायची, "व्हय, जेवला का?"

दुसऱ्या वर्षाच्या मार्गशीर्षात, कापडाच्या दुकानातल्या टीव्हीवर तिनं तो डोंगर फुटलेला पाहिला. करडा लोट उतारावरून घरांवर घरंगळत होता. तिनं फोन लावला. लागला नाही. रात्रभर, दुसरा दिवसभर, तिसराही. तुळजापूरला त्याच्या घरी जायचं तर नातं काय सांगायचं?

चौथ्या दिवशी कॉलेजातल्या मोनिका मॅडम ब्लाउजपीस घ्यायला आल्या. सहज म्हणाल्या, "आमचे रणधीर सर थोडक्यात वाचले बघ. डोंगर फुटला त्याच संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, अंगभर राख! आईलाही लगेच फोन केला म्हणे."

महेश्वरीच्या हातातली कात्री थांबली. "त्याच संध्याकाळी?"

"हो ना."

तिनं पीस मापून कापला, घडी घालून दिला.

आठव्या दिवशी ती दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवत असताना त्याचा फोन आला. आवाज खोकल्यानं चिरलेला. "वाचलो गं. वरच्या वाडीतली चौदा माणसं गेली. आम्ही हलवलं होतं त्यांना... गुरांना चारा घालायला परत गेली."

तिचे डोळे भरले. त्या माणसांसाठी भरले, त्याच्यासाठीही. "तू बरा हाईस ना?"

"बरा हाय. महेश्वरी... मी आणखी तीन वर्षं इथंच राहतोय. सही केली. हे सोडून यायला मन घेईना."

"कळलं."

"रागावलीस?"

"माझा जीव तीन दिवस टांगणीला हुता, रणधीर. एक मिस्ड कॉल बी चालला असता."

"तुला काय सांगायचं तेच सुचत नव्हतं. पण तुला विसरलो नव्हतो, खरंच... पळताना तुझीच आठवण आली."

"विसरला असतास तर बरं झालं असतं," ती हळू म्हणाली. "आठवण हुती, तरी फोन केला न्हायस. हे म्या कसं गिळू?"

पलीकडं नुसता खोकला. तो थांबेपर्यंत ती थांबली, मग तिनं फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. गिऱ्हाईक म्हणालं, "पोरी, उचल की."

"कापड मोजायचं ऱ्हायलंय तुमचं," महेश्वरी म्हणाली, आणि कापडाचा तागा उलगडू लागली.