खबरीचा वाटा

गळ टाकणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नये, हे अनसिंग गावात लहान लेकरूही सांगेल. तळ्यावर वीतभर असलेला मासा घरी येईस्तोवर हातभर होतो, आणि पानठेल्यावर तर तो माणसालाच ओढून नेतो. तरी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा भागवत दोन दिवसांपासून असल्याच बहाद्दरांच्या बातम्या वहीत उतरवत बसला होता.

कारण होत्या सासूबाई. रंगूबाई टायफॉइडमधून उठल्या, लेकीकडे आल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. तीन आठवडे नुसती पेज. बाई वाळून चिपाड झाली, आणि वैजयंती आईचं उष्टं ताट उचलताना रोज डोळे पुसायची. मग बुधवारी रंगूबाई आपणहून बोलल्या, "जवाईबापू, ताज्या मरळीचा रस्सा असन, तं दोन घास खाईन मी." बाजारात बर्फातला रोहू तेवढा होता. भागवतनं शब्द देऊन टाकला.

वाशीम-मालेगावच्या गळवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. कुठं, किती वाजता, कशावर मासा लागला, ते तिथं टाकायचं. दंडक एकच: ज्याच्या खबरीवर मासा मिळाला, त्याला त्या माशाचं डोकं पोचवायचं. हा खबरीचा वाटा. भागवतनं आपला जिवलग दोस्त मदनसिंग याच्या सगळ्या बातम्या आधी खोडल्या. दोस्तच तो, किती खोटं बोलतो ते ठाऊक होतं. उरला एक बिननावाचा नंबर. त्याला ग्रुपात कुणी घेतलं, कुणालाच आठवत नव्हतं. पण तो मोजकं लिहायचा आणि कधी चुकायचा नाही. शुक्रवारी त्यानं टाकलं होतं: "कोळदरीचा तलाव. रविवार, दुपारी बारा. पाण्यातल्या वाळक्या बाभळीजोळ. बेडकी लावा. मरळ, दोन किलो."

"अबे, रविवार तं परवा हाये!" मदनसिंग खो खो हसला. "हा मासे धरते का पंचांग पाह्यते?"

रविवारी दोघं मोटारसायकलवर निघाले. वाटेत मदनसिंगनं तीन मासे पकडले, तोंडानंच. काठावर बसून त्यांनी कांदा-भाकर खाल्ली, बेडकी लावून गळ टाकला. ऊन टळटळीत होतं. बाराला पाच कमी असताना वारा पडला. टिटव्या गप्प झाल्या. पाण्यावरून एक वास आला, लई दिवस बंद राहिलेल्या पेटीसारखा.

बाराच्या ठोक्याला दोर ताणला.

काय ओढ होती! भागवत गुडघाभर चिखलात गेला, पण मरळ वर आली. काळीभोर, तगडी, चांगली दोन किलोची. "मदन्या, आता सासूबाईले दोन घास नाई, दोन भाकरी चारतो!" तो चिखलातच नाचायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. तोच बिननावाचा नंबर.

"मरळ, दोन किलो. भागवत, अनसिंग." सोबत फोटो. मासा उचलून हसणारा भागवत, बाजूला आ वासलेला मदनसिंग. फोटो समोरून काढलेला होता, बाभळीच्या बाजूनं, आणि इतक्या खालून की अर्ध्या फोटोत पाणीच होतं. तिथं दोन पुरुष खोल पाणी. होडी नाही, माणूस नाही.

"कोन हाये रे तिकडं...?" मदनसिंग कुजबुजला.

"कोनीच... कोनीच नाई."

फोन पुन्हा वाजला. "माझा वाटा?"

भागवतनं मरळीकडे पाहिलं. रश्श्याची सगळी गोडी तर तिच्या डोक्यात. डोकं दिलं, तर रंगूबाईंपुढे काय ठेवायचं? आणि मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची तर आमच्याकडे रीतच नाही. त्यानं लिहिलं: "डोकं बिमार मानसाले पाह्यजे भाऊ. तुमी घरीच या ना आज जेवाले."

मदनसिंगनं त्याचं मनगट धरलं. "काहून बलावलं बे?" पण संदेश गेला होता. उत्तर आलं, "येतो."

दिवेलागणीला रस्सा रटरटत होता. मदनसिंग दाराला कडी लावून, हातात काठी घेऊन बसला होता. रंगूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "चव आली वं वैजू... मले चव आली!" वैजयंती हसता हसता रडली. दोन भाकरी संपल्या. मरळीचं डोकं रंगूबाईंनी असं चोखलं की काटासुद्धा लाजला असेल. दारावर कुणी आलं नाही. भागवतचा जीव भांड्यात पडला.

"वाट चुकला असन," मदनसिंग म्हणाला, आणि काठी खाली ठेवून ताटावर बसला.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा रंगूबाई आधाराशिवाय उठल्या. रांजणावरचं झाकण सारलं, वाकून गडू बुडवला, गटागटा पाणी प्यायल्या. भागवतच्या खिशात फोन वाजला.

"रंगूबाई, दोन भाकरी."

फोटोत गोल काळी कड होती, रांजणाच्या तोंडाची. कडेच्या वर घरातला दिवा. मधोमध, वरून वाकलेला, पाण्यातून हललेला रंगूबाईंचा चेहरा आणि खाली येणारा गडू.

भागवतच्या हातून फोन सुटला. रंगूबाईंनी तो उचलला, लांब धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई! कोनं काढला हा? लय दिवसानं चांगली दिसून राह्यली मी..." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "भला मानूस दिसते. जेवला का तो?"