हॉलमधल्या गोधड्या

आटगावच्या नव्या हॉलला वर पत्रा, खाली फरशी आणि भिंती उघड्याबोडक्या. साखरपुड्याला माणसं आत शिरली नि नुसता गलका उठला. एकाचं बोलणं भिंतीवर आपटून दुसऱ्याच्या बोलण्यावर कोसळत होतं. त्यात कुणालीनं लाजत घेतलेलं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. मुरबाडहून आलेली मुलाची आत्या हसली, "पोरगी मुकी तर नाय ना, विहीणबाय?"

ते गोदूच्या काळजात रुतलं. लग्नात तरी लेकीचा आवाज सगळ्यांच्या कानी पडायला हवा होता.

मांडववाला सुदाम म्हणाला, "काकी, हा हॉल नाय, विहीर हाय. घरोघरच्या गोधड्या आणा, भिंतींवर टांगू. घुमणं पिऊन टाकतील."

वाडीनं गोधड्या दिल्या. तरी बोहल्यामागची भिंत उघडीच राहिली. गोदूनं देवापुढं हात जोडले आणि पेटीतून दिपिकाची गोधडी काढली. दिपिका थोरली लेक. लग्न ठरलेलं असताना तापानं याच गोधडीत गेली. गेलेल्या माणसाचं पांघरूण नदीला सोडायचं असतं. गोदूच्यानं ते झालं नव्हतं.

"आये, ती नको गो," कुणाली म्हणाली.

"राहू दे. बहिणीचा आशीर्वाद."

लग्नाच्या दुपारी हॉल गच्च भरला. मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द कळत होता. "सुपारी पडली तरी ऐकू येल," शेजारची चंदा कुजबुजली. गोदूचा जीव भांड्यात पडला.

मग आवाज बारीक होत गेले. पुढच्या रांगेत एक तान्हं रडत होतं. तोंड उघडं, गाल ओले, रडणं मात्र लांबून आल्यासारखं. गोदूला स्वतःच्या बांगड्या ऐकू येईनात.

आत्या पुढं झाली. "घे गो नाव," एवढं तिच्या ओठांवरून कळलं.

कुणालीचे ओठ हलले.

काहीच नाही.

मग तिच्या पाठीमागून, भिंतीतून, नाव आलं. ठसठशीत. भावेशरावांचं.

आवाज कुणालीचाच होता.

कुणालीनं गळा चाचपला. "आये," तिचे ओठ म्हणाले. आत्या खूश होऊन टाळ्या वाजवत होती. टाळ्यांना आवाज नव्हता.

भावेशनं नवरीला भरवायला पेढा उचलला. कुणालीकडं त्यानं पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यानं पेढा मागच्या दिपिकाच्या गोधडीपुढं धरला.

हात मागं आला, तेव्हा पेढा अर्धाच होता.