उभी बाटली, आडवी बाटली

“माले ताप शे, प्रमिलाबाई. तुम्ही व्हा पुढे,” असं शेजारणीला म्हणत सरलाबाईंनी दार लोटलं आणि दारामागेच त्या उभ्या राहिल्या... ताप अंगात नव्हता, काळजात होता! सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत बायकांनी भरलेली गाडी हॉर्न देत होती. साऱ्याजणी खानदेशातल्या आपल्या गावी मतदानाला निघाल्या होत्या. गावात दारूचं एक दुकान होतंच, त्याचा मालक आता स्टँडवर दुसरं काढणार होता; म्हणून बायकांनी अर्ज करून मतदान मागितलं होतं, बाटली उभी ठेवायची की आडवी करायची, म्हणजे गावात दारू चालू की बंद. पोट सुरतेत असलं तरी सरलाबाईंचं नाव अजून गावच्याच यादीत होतं.

आणि तो मालक त्यांचा व्याही होता, दगाभाऊ. एकुलती लेक योगिता त्याच्याच घरात नांदत होती. “विहीणबाई, तुमनी पोर सुखमा शे आमनाकडे,” एवढंच फोनवर गोड आवाजात म्हणून त्याने पुढचं न बोलताच फोन ठेवला होता.

ज्या दारूने कपाळाचं कुंकू पुसलं, तिच्यासाठी उभ्या बाटलीवर शिक्का मारायला त्यांचा हात धजला नसता, आणि आडवीवर मारावा तर लेकीचा संसार मोडणार... गेलंच नाही तर कुणाचंच पाप नाही, अशी त्या माउलीने मनाची समजूत घातली. दिवसभर त्या मजुरीवर आणलेल्या साडीवर टिकल्या चिकटवत बसल्या आणि टिकल्या वाकड्याच बसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात योगिता उभी होती. हातात बॅग, डोळे सुजलेले.

“पाव्हना कोठे शेतस?” सरलाबाईंनी तिच्या मागे जावयाला शोधलं.

“मी एकटीच उनी. शाळामा रांगमा तुनी वाट दखत व्हती, माय. घर गयी तं सासरानी इचारं, कोठे शिक्का मारा. मी सांगी दिधं, आडवीवर.”

“आन् पाव्हना?”

“मुंडी खाले घालीसन बसना.”

“खोटं बोलनं व्हतं ना, पोरी... तुना घरसाठेच मी उनी नही!”

योगिता उंबरा ओलांडून आत आली. “थोडक्यात हुकनं, माय. यादीमातल्या अर्ध्यापेक्षा जास्ती बायांनी आडवी म्हनाले लागस. जी घर बसनी, तिनं मत उभीलेच गयं.”

सरलाबाईंना आता उमगलं. लेकीसाठी म्हणून केलेला तो सारा त्याग दगाभाऊच्याच पदरात पडला होता, आणि आता वर्षभर पुन्हा मतदानही मागता येणार नव्हतं... त्यांनी पदरात तोंड लपवलं. तेव्हा योगिताने बॅग खाली ठेवली आणि आईचं डोकं छातीशी घेतलं.

“रडू नको. माले दुसरं घर कोठे शे?”

तेवढ्यात फोन वाजला. दगाभाऊचा होता. सरलाबाईंनी डोळे पुसले, फोन कानाला लावला.

“व्याहीबुवा, मनी पोर सुखमा शे मनाकडे,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं न बोलताच त्यांनी फोन ठेवला.