बटाट्याचं दुसरं पाणी

"वकीलबाई, माझ्या दिराला आज कापायला नेतायत हो!"

दारातली बाई एवढंच बोलली आणि मटकन खाली बसली. मास्तरांचा चहा बशीत सांडला.

सरकारी वकिली सोडून वकीलबाई खासगी तपास करू लागल्या, तेव्हापासून त्यांचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, सावलीसारखे सोबत असत. पुढे किती वर्षं लोटली, कितीतरी प्रकरणं मास्तर विसरले. ती सकाळ मात्र मनातून पुसली गेली नाही.

बाई शिवणकाम करणारी. गळ्यात मापाची फीत तशीच लटकत होती. तिचा नवरा लेथवरचा कारागीर. परदेशी कारखान्यात नोकरीला म्हणून गेला आणि निम्मा होऊन परत आला.

"अपेंडिक्स काढलं म्हणतात. मी माणसांची मापं घेते, वकीलबाई. अपेंडिक्सचे टाके पोटावर असतात, ह्यांचे कुशीत आहेत. किडनी काढून घेतलीय. विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. आणि आता दीर तिथेच, त्याच नोकरीला निघालाय. संध्याकाळचं विमान आहे."

"दिराला सांगितलंस?"

"घसा फुटेपर्यंत. म्हणतो, दादा जा म्हणतोय, तुम्ही का मोडता घालता?"

"आणि पोलीस?"

"म्हणतात, गुन्हा तिकडे झालाय, इथला कायदा काय करणार? वर ह्यांनी तिकडे संमतीची सहीसुद्धा केलीय."

"फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे कितीतरी देशांनी मिळून कबूल केलंय. सुरी परक्या देशात चालली, तरी माणूस इथून फसवून धाडला असेल तर गुन्हा इथेच सुरू झाला. मला तो धाडणारा हात हवाय. तो सापडला तर दीर थांबेल आणि खटलाही इथे उभा राहील." वकीलबाईंनी चपला सरकवल्या. "अहो, चष्मा घ्या. चला."

तिकिटाच्या दुकानातला माणूस गाल धरून बसला होता.

"माझ्या डोक्यावर खापर फोडू नका," तो गुरकावला. "मी तिकिटं विकतो, माणसं नाही. फोन येतो, मी तिकीट काढतो."

"नोकरीचा व्हिसा तुम्हीच काढलात?"

"कसली नोकरी! फिरायला जाणाऱ्याचा व्हिसा आहे. थोरला भाऊ आला होता, त्याला बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, मी सांगतो धाकट्याला."

बाहेर येताच मास्तर कुजबुजले, "हाच तो. चेहरा बघितलास?"

"अहो, दाढ सुजलीय त्याची. सुजलेला गाल हा गुन्हा असता तर तुम्हाला मागेच जन्मठेप झाली असती."

रक्त तपासणारा लॅबवाला त्याच्या अगदी उलट. शब्द मधात घोळवून बोलणारा.

"नोकरीची साधी तपासणी, मावशी. धाकट्याचं रक्त घेतलं, झालं."

"आणि थोरल्याचं?"

"छे! तो बाहेर बाकावर बसला होता. आत आलाच नाही."

"भला माणूस," मास्तर जिना उतरताना म्हणाले.

घर दोन खोल्यांचं. दाराशी भरलेली बॅग, खिडकीशी शिवणयंत्र. धाकटा शर्टाला इस्त्री करत होता. थोरला पलंगावर, सुजलेले पाय उशीवर ठेवून. शेजारी एवढीशी वाटी, तिच्यात घोटभर पाणी.

"या, या," धाकटा हसला. "वहिनीला वाटतं, विमानातच मला चिरतील! कामाचा व्हिसा आहे हो. दादानं स्वतः बघितलाय."

"रक्त देताना घाबरला नाहीस?"

"सुई बघून पायच लटपटले. मग दादा आत आला. म्हणाला, बघ, आधी मी टोचून घेतो. नळीभर रक्त दिलं त्यानं, नुसतं मला धीर यावा म्हणून!"

मास्तरांचे डोळे पाणावले. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

"जाऊ दे त्याला," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला. "नोकरी चांगली आहे." त्यानं वाटीतून ओठ भिजवले आणि ती खाली ठेवली.

आतल्या खोलीत शिंपीणबाईनं उकळत्या बटाट्यांचं पाणी मोरीत ओतलं आणि नवं पाणी घालून फोडी पुन्हा चुलीवर चढवल्या.

"दोनदा उकळता?" मास्तरांनी विचारलं.

"ह्यांना तसेच लागतात. पोट नाजूक झालंय म्हणतात."

वकीलबाई तिला घेऊन बाहेर आल्या आणि पलंगासमोर स्टूल ओढून बसल्या.

"पोरी, धाडणारा हात सापडला. तुझ्याच घरात आहे."

इस्त्री शर्टावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा मास्तरांनी ती उचलली.

"नोकरी नाही हे तिकीटवाल्यानं थोरल्याला दाखवलं होतं, धाकट्याला ते कधी कळलंच नाही. मग रक्त. लॅबवाला म्हणतो थोरला आत आला नाही, धाकटा म्हणतो त्यानं आधी टोचून घेतलं. धाकट्याला खोटं बोलायचं कारण नाही. मग लॅबवाल्यानं का लपवलं? नोकरीला दोघांचं रक्त लागत नाही. एकाची किडनी दुसऱ्याला चालेल का, हे बघायला लागतं."

"दुसऱ्याला म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, पोट बिघडलं की डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणतात. पाणी घोटाघोटानं मोजायला लावतात आणि क्षार निघून जावेत म्हणून बटाट्याचं पाणी ओतून द्यायला सांगतात, ते किडनी चालेनाशी झाली की. ह्याची उरलेलीही निकामी होत चाललीय. आणि हे त्याला ठाऊक आहे."

आतल्या खोलीत बटाटे रटरटत होते.

"लॅबवाल्यानंच सांगितलं," थोरला शेवटी बोलला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "मलाही त्यानंच पाठवलं होतं. म्हणाला, भावाला धाड, मागून तू ये. त्याची तुला बसवू. त्याला अपेंडिक्स म्हणून सांगू."

शिंपीणबाईनं तोंडात पदर कोंबला.

"लॅबवाल्याचं नाव पोलिसांसमोर घेशील?" वकीलबाईंनी विचारलं. "आधी ज्याला लुबाडलं त्याच्याचकडून पुढचं पाप करवून घेतलं, तर कायदा त्याला आधी बळी म्हणून बघतो. सुटशीलच असं मी म्हणत नाही. पण बोललास तर मी उभी राहीन."

"आता कशाला लपवू? घेतो."

"दादा," धाकट्याचा आवाज फाटला. "भाऊ भावाला इथल्या दवाखान्यात उजळ माथ्यानं देऊ शकतो. मागायचीस ना रे!"

"आणि तू नाही म्हणाला असतास तर?"

धाकटा दाराशी बॅगेपाशी गेला. "जुळलं का रक्त?" एवढंच त्यानं विचारलं.

"जुळलं."

धाकट्यानं बॅग उचलली. वहिनी धावत जाऊन दारात आडवी झाली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"नाही जायचं भाऊजी! माझा जीव गेला तरी नाही!"

त्यानं तिचा एक हात हळूच बाजूला केला.

"विमानाला नाही, वहिनी," तो म्हणाला. "नुसता जातोय."

पावलं जिन्यावरून खाली गेली. ती ऐकू येईनाशी झाल्यावर शिंपीणबाई आत वळली आणि तिनं बटाट्याचं दुसरं पाणी मोरीत ओतलं.