भट्टी सकाळी गरम असते

“भट्टीला हात लावला आणि मी किंचाळलेच,” सूनबाई म्हणाली. “चटका बसला म्हणून नाही हो. कोमट होती. माणसाच्या अंगासारखी कोमट.”

अक्कांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. निवृत्त होण्याआधी अक्का विमा कंपनीसाठी आगीचे दावे तपासत. कोणती आग लागली आणि कोणती लावली, हे राखेकडे बघून ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या खासगी चौकशा करत. गाडी चालवायला आणि चुकीचे तर्क करायला सोबत जावईबापू असत.

“कोणाची भट्टी?” अक्कांनी विचारलं.

“सरांची. म्हणजे माझ्या सासऱ्यांची. आधी ते माझे सर होते, मग सासरे झाले. तोंडात सरच बसलंय.”

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सर मातीच्या चकत्या भाजत. कारखान्यातून बाहेर पडणारं रंगीत, घाण पाणी त्या चकतीतून गाळलं की नदीत सोडण्याजोगं होई. सरकारची एक योजना होती. विद्यापीठानं आणि कारखान्यानं मिळून अर्ज करायचा. कारखाना जेवढा खर्चाचा भार उचलेल तेवढाच सरकार उचलणार. सरांनी एका कारखान्याला सोबत घेऊन अर्ज भरला आणि निकाल लागायच्या आत ते गेले. अर्ज आता सूनबाईच्या नावावर होता. सोमवारी तज्ज्ञांची समिती पाहणीला येणार होती. अनुदान मिळालं नाही तर प्रयोगशाळेला टाळं आणि सरांचं आयुष्यभराचं काम अडगळीत.

“सर गेल्यापासून हे सुरू झालंय. अधूनमधून सकाळी भट्टी गरम असते. कुलूप जसंच्या तसं. आणि खोलीभर लवंगेचा वास. सर दिवसभर लवंग चघळायचे.” तिनं आवाज खाली आणला. “माझा भुताखेतांवर विश्वास नाही, अक्का. पण हल्ली आत जाण्याआधी मी दार वाजवते.”

जावईबापू गाडीची किल्ली शोधू लागले.

प्रयोगशाळा एका लांब बोळाच्या टोकाला होती. आत सरांचा पांढरा कोट खुंटीवर होता, कोपरात अजून वाकलेला. फळ्यावर त्यांचं अक्षर होतं, चकती भाजायची कृती आणि तिचा आकडा. ते पुसायचा धीर कुणाला झाला नव्हता. कोपऱ्यात विजेची जुनी भट्टी होती आणि तिच्या शेजारी स्टुलावर एक वृद्ध बाई, भट्टीच्या पत्र्यावर तळवा टेकून बसलेल्या. जावईबापू दोन पावलं मागे सरकले.

“घाबरू नका, मी जिवंत आहे,” बाई म्हणाल्या. त्या सरांच्या पत्नी, काकू. “रोज सकाळी सुनेसोबत येते. आज गार आहेत.”

त्या भट्टीला ‘आहेत’ म्हणाल्या हे अक्कांच्या लक्षात आलं. काकूंच्या मांडीवर पितळेची डबी होती, सरांच्या लवंगांची.

“उघडता कधी ही?”

“नाही हो. शेवटच्या तीन लवंगा आहेत. त्या संपल्या की संपलं.”

अक्कांनी भट्टीचं दार उघडलं. आत मातीची तिपाई होती, चकती ठेवायची. तिचा एक पाय मोडला होता आणि त्याजागी विटेचा लांबट तुकडा बसवला होता. अक्का खाली वाकल्या.

“चकती भाजली गेली हे कसं कळतं?”

“तापमानाच्या मीटरवरून,” सूनबाई म्हणाली. “कृतीत लिहिलेल्या आकड्यावर काटा आला की तसाच धरून ठेवायचा. मीटर सरांच्या तरुणपणचा आहे.”

“किल्ल्या कोणाकोणाकडे?”

“एक माझ्याकडे, एक विभागप्रमुखांकडे, एक कारखान्याकडे. भागीदारी ना, दोघांनाही यंत्रं वापरता यायला हवीत. पण सर गेल्यापासून कारखान्यातलं कुणी फिरकलं नाही.”

विभागप्रमुख मोठ्या टेबलामागे बसले होते आणि काही लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

“खोली मला हवीच आहे. माझी मुलं बोळात बसून आकडेमोड करतात! पण म्हणून मी भूत होऊन भट्ट्या पेटवू? मला तर ती भट्टी चालूही करता येत नाही. माझा विषय गणित.”

“समितीपर्यंत भुताची गोष्ट गेली तर तुमचा फायदाच,” अक्का म्हणाल्या.

“फायदा आहेच. पण केलं नाही मी.”

“हाच,” बाहेर आल्यावर जावईबापू कुजबुजले. “किल्ली आहे, हेतू आहे, शिवाय तोंडाळ आहे.”

“चोर कधी एवढा तोंडाळ असतो का, जावईबापू? चला कारखान्यात.”

कारखान्याच्या इंजिनिअरनं हसून स्वागत केलं. हसू एकाच बाजूला होतं. उजव्या गालावर त्याचा हात सारखा जात होता. चहा त्यानं पार निवल्यावर घेतला, बिस्किटाला हातही लावला नाही. तो सरांचाच जुना विद्यार्थी. सरांचं नाव निघताच त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं वाटलं नाही.

“किल्ली? ती काय, खिळ्याला. सर गेल्यावर त्या खोलीत पाऊल टाकायचा धीर झाला नाही. त्यांचा तो कोट, फळ्यावरचं अक्षर... समितीपुढे मात्र त्यांचं नाव राखणार. ही बघा, आमच्या भट्टीत भाजलेली चकती. अर्जात लिहिलंय तशी.”

अक्कांनी चकती हातात घेतली, उलटी केली. खालून दोन गोल डाग होते आणि एक लांबट. त्यांनी ती परत दिली.

कारखान्याची भट्टी नवी आणि ऐसपैस होती, मीटर चकचकीत. माल सपाट लाद्यांवर ठेवून आत ढकलत. भट्टीमागे बादलीत मोडक्या चकत्या भिजत पडल्या होत्या. जावईबापूंनी एक उचलली तर ती बोटांतच विरघळली.

“कच्चा माल आहे तो,” इंजिनिअर घाईनं म्हणाला.

जावईबापू हात झटकत बसले. अक्का परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलल्या. “यातलं भूत फार दुःखी आहे.”

रविवारी दुपारी अक्कांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. इंजिनिअरला कारखान्याचा तापमान मोजायचा मीटर सोबत आणायला सांगितलं होतं. खिडकीबाहेर आभाळ दाटलं होतं, त्यामुळे दिवे लावावे लागले. खुंटीवरच्या कोटाची सावली भिंतीवर पडली आणि सगळेच तिच्यापासून जरा लांब बसले.

“भट्टी आपोआप तापत नाही,” अक्का म्हणाल्या. “कुणीतरी संध्याकाळी येऊन चकत्या भाजून जातं. सकाळपर्यंत ती कोमट उरते. प्रश्न एवढाच, चोरून का? सूनबाईला चोरायची गरज नाही, खोली तिचीच. प्रमुखांना भट्टी चालवता येत नाही. काकूंकडे किल्ली नाही.”

“आणि लवंगेचा वास?” प्रमुखांनी विचारलं.

“काकूंची डबी बंद आहे. मग लवंग आणखी कोण वापरतं? दाढ दुखणारा माणूस. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरतो, चहा निववून पितो, बिस्किटाला शिवत नाही.”

सगळ्यांच्या माना वळल्या. इंजिनिअरचा हात गालावर होता. त्यानं तो हळूच खाली घेतला.

“दाढ काय कुणाचीही दुखते,” तो म्हणाला.

“दुखते. पण फळ्यावरचं अक्षर अजून पुसलेलं नाही, हे न येता कळत नाही. आणि चकती खोटं बोलत नाही. तुमच्या भट्टीत माल सपाट लाद्यांवर भाजतो, डाग पडायचं कारण नाही. तुम्ही दाखवलेल्या चकतीखाली दोन गोल डाग आहेत, एक लांबट. तसा मोडका पाय सबंध मुलुखात एकाच तिपाईला असेल. ती चकती इथे भाजली.”

जावईबापूंनी भट्टीचं दार उघडून तिपाई पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“का केलंत?” सूनबाईनं विचारलं. “मी रोज दार वाजवत होते. मला वाटायचं... खरंच वाटायचं.”

इंजिनिअरनं किल्ली काढून भट्टीवर ठेवली. “अर्जाची मुदत संपत होती. सर अंथरुणावर. ‘कारखान्यात चकत्या यशस्वी झाल्या’ असं लिहून मी सही ठोकली. वाटलं, सरांचीच कृती आहे, होणारच. मग भाजायला गेलो तर सगळ्या पाण्यात विरघळल्या. आकडा तोच, माती तीच. विचारायला सर नव्हते. इथल्या भट्टीत मात्र चकती पक्की होते. मला वाटलं, सरांच्या हाताचा गुण या भट्टीत राहिलाय. मीही त्यांनाच शोधत होतो इथे.”

“सर आहेतच इथे,” अक्का म्हणाल्या. “त्यांच्या मीटरमध्ये. तुमच्या चकत्या विरघळल्या, म्हणजे कच्च्या राहिल्या. इथल्या पक्क्या होतात, म्हणजे इथे आच जास्त मिळते. आकडा मात्र एकच. मग आकडाच चुकीचा सांगतोय. लावा तुमचा मीटर आत.”

भट्टी सुरू झाली. खोलीत फक्त तिची घरघर होती. सरांच्या मीटरचा काटा कृतीतल्या आकड्यावर येऊन थांबला, तेव्हा कारखान्याचा मीटर तो आकडा कधीच मागे टाकून बराच वर चढला होता.

“इतकी वर्षं,” सूनबाई पुटपुटली. “एकदाही तपासला नाही मी. सरांचा मीटर कोण तपासणार?”

“मीही नाही,” इंजिनिअर म्हणाला.

प्रमुख घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे कृती बरोबर आहे, आकडा तेवढा चुकला. पण हे उद्या समितीला सांगितलं तर अर्जातली ती सही खोटी ठरते. यंदाचं अनुदान गेलंच समजा. न सांगितलं तर...”

सूनबाईनं फळ्याकडे पाहिलं. मग ओलं फडकं घेतलं आणि सरांच्या अक्षरातला तो आकडा पुसून खरा आकडा लिहिला. तिचे डोळे वाहत होते, हात स्थिर होता.

“सांगणार,” ती म्हणाली. “खोटी चकती दाखवून त्यांचं नाव राखायचं नाही मला.”

“सही माझी आहे,” इंजिनिअर म्हणाला. “उद्या मी सांगतो.”

काकू स्टुलावरच होत्या. सूनबाई त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. “आई, ते येत नव्हते. दुसरंच कुणीतरी होतं.”

“माहीत होतं गं मला,” काकू म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी कळलं. त्यांच्या लवंगेला तेलाचा वास नसायचा. पण पत्रा गरम लागायचा ना. कुणी का गरम करेना, म्हटलं, हात ठेवायला काहीतरी आहे.”

सोमवारी समिती आली, ऐकून घेतलं, आणि अर्ज बाजूला ठेवला. पुढच्या फेरीत नव्या चाचण्यांसह या, असं सांगून ती गेली. प्रमुखांनी खोलीचा विषय काढला नाही. त्यांची मुलं बोळातच बसली.

मंगळवारी सकाळी अक्का आणि जावईबापू निरोप घ्यायला गेले. काकू स्टुलावर होत्या, पत्र्यावर तळवा टेकून.

“गार आहे,” त्या म्हणाल्या. आज ‘आहेत’ म्हणाल्या नाहीत.

त्यांनी डबी उघडून एक लवंग तोंडात टाकली, एक सुनेच्या हातावर ठेवली, आणि स्टूल मागे घेतलं.

“चल, लाव भट्टी. माझा हात गारठलाय.”