नुसते येणारे ठसे

आमच्या वस्तीवर दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात. अकरा घरं, नऊ कुलपं. माणसं जीप-ट्रॅक्टर भरून ऊस तोडायला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परत येतात. मागं राहतात माझ्यासारखी कंबर गेलेली. शिरूर कासारपासून दीड कोसावर, डोंगराच्या पायथ्याला मुरमाड रान हाय, तिथं आमची वस्ती. दोन घरं उघडी. एकात साखराबाई राहते, तिला ऐकू येत न्हाई. दुसऱ्यात मी, केशरबाई. तीस वर्सं फडावर कोयता चालवलाय मी. तो जुना कोयता अजून घराच्या भिंतीला टांगलेला हाय, गंजून गेलाय, पर त्याला मी कुणाला हात लावू देत न्हाई.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकं हसतात. खुशाल हसा. कोणतं जनावर कोणतं, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई.

माझ्याजवळ माझी नात असती, संस्कृती, दहावीला हाय. तिचे मायबाप, माझा ल्योक बजरंग आन् सून सुनिता, फडावर. औंदा जाताना दोघं तिला संगं न्यायला निघालते. पोरगी मोठी झाली, भाकरी थापील, मोळ्या बांधील म्हणून. मी जीपच्या पुढं मांडी घालून बसले. म्हणलं, मला तेराव्या वर्सी लगीन लावून फडावर नेलं, का तर नवराबायकोची जोडी असल्याबिगर मुकादम कामावर घेत न्हाई, जोडीलाच एक कोयता धरतात. माझ्या नातीचं तसं होऊ देणार न्हाई. लई वाद झाला. शेवटी बजरंग म्हणला, "ठीक हाय माय. पर काई इपरीत झालं, तर दुसऱ्या दिवशी पोरगी फडावर." एकदा फडावर गेलेली पोरगी शाळंत परत येत न्हाई. त्यालाबी ठाऊक हाय ते आन् मलाबी.

पहिल्यांदा शेळ्यांचं झालं. थंडीत शेळ्या सकाळी उगवतीला तोंड करून उन्हाला उभ्या राहतात. त्या दिवशी माझ्या पाची शेळ्या मावळतीकडं तोंड करून उभ्या होत्या. कान ताठ. मी बाभळीचा पाला टाकला तरी एकीनं मान वळवली न्हाई. दुसऱ्या दिवशीबी तेच. वस्तीवरची दोन कुत्री आठ दिवसांत एकदाबी भुंकली न्हाईत, साखराबाईच्या वट्ट्याखाली जाऊन गुमान बसली. मी म्हणलं थंडी लई हाय.

मंग पाण्याच्या टाकीपशी पंजा दिसला.

माझ्या तळहाताएवढा. चार बोटं, मागं गादी, नखं न्हाईत. कुत्र्याची, तरसाची नखं उमटतात. बिबट्या नखं आत घेऊन चालतो. हे फडावरचं लेकरूबी सांगतं. मी ठशांच्या मागमागं गेले. मावळतीच्या रानातून ते सरळ आलते आन् टाकीपशी येऊन थांबलते. परत गेलेला ठसा एकबी न्हवता. टाकीभोवती मी दोन फेरे मारले, काठीनं वाळकं गवत उचकून बघितलं. न्हाईच.

आन् ठशात वली काळी माती होती. आमचं रान पांढऱ्या मुरमाचं, इथं काळी माती इकत आणावी लागंल. एका बोटाच्या खाचंत हिरव्या पात्याचा तुकडा रुतला होता. मी तो नाकाशी धरला. आत्ताच्या आत्ता तोडलेल्या उसाचा वास. आमच्या शिवारात उसाचं कांडं औषधाला सापडायचं न्हाई.

वनखात्याचा शिपाई, परमेश्वर, आला. चांगलं पोरगं हाय, माप काढलं, फोटो काढले, माझ्या हातचा चहाबी पिला. मंग म्हणला, "मावशी, तरस असंल. बिबटे तिकडं आष्टीच्या अंगाला. इथं ना पाणी ना ऊस. इथं कशाला येईल तो?"

"ते त्यालाच इचार," मी म्हणलं. "आन् ही काळी माती कुठली?"

त्यानं माती बोटात चोळली, हात पँटला पुसला आन् बाभळीला कॅमेरा बांधून गेला. चार दिवसांनी येऊन त्यातले फोटो मला मोबाईलवर दाखवले. मी होते, साखराबाई होती, शेळ्या होत्या. बिबट्या न्हवता. एक फोटो भर दुपारचा होता. त्यात पाची शेळ्या अर्धा गोल करून उभ्या होत्या, सगळ्यांचं तोंड आत. मधी मोकळी जागा. एक मोठं जनावर पाय पसरून बसंल एवढी.

"ह्यात काय हाय मावशी? काईच न्हाई," तो म्हणला. कॅमेरा सोडून पिशवीत घातला. फटफटी चालू करताना मात्र खाली मान घालून बोलला, "पोरीला एकटीला शाळंत धाडत जाऊ नका."

गिरणीवर दळण घेऊन गेले तर तिथं पप्पू. जीप चालवतो आन् गावभर तोंडबी चालवतो. परमेश्वरबी तिथंच उभा होता. पप्पू त्याला म्हणला, "कावून बे, घावला का म्हातारीचा बिबट्या?" मंग माझ्याकडं वळून, "मावशी, तुझ्या डोळ्यातला ऊस अजून तुटला न्हाई बघ." चार माणसं हसली. मी पिठाचा डबा डोक्यावर घेतला आन् म्हणलं, "पप्पू, जीपच्या काचा लावून फिरत जा. तुला खाऊन त्याचं पोट बिघडंल." तेवढ्यावर ते थांबलं असतं तर बरं झालं असतं. पर पप्पूनं बजरंगाला फोन केला.

बजरंगाचा मला फोन आला. माझा ल्योक वाईट न्हाई. दमलेला हाय. तो म्हणला, "माय, बिबट्या असंल तर पोरगी तिथं ठिवायची न्हाई. नसंल तर तुझं डोकं फिरलंय, मंग तर अजिबात ठिवायची न्हाई. रविवारी जीप घेऊन येतो."

परीक्षा मार्चात. रविवार पाच दिवसांवर.

संस्कृतीनं सगळं ऐकलतं. ती खिडकीखाली पुस्तक घेऊन बसली होती. म्हणली, "आज्जे, तू म्हण ना, तरस होतं. चुकून झालं म्हण."

"न्हाई म्हणणार."

"कावून?"

"जे हाय ते हाय. खोटं बोलून तुला ठिवलं आन् तुला काई झालं तर?"

तिनं पुस्तक मिटलं. मंग बारीक आवाजात म्हणली, "मलाबी ऐकू येतं. शाळंतून येताना. कुणीतरी करवतीनं लाकूड कापतंय असं. मी थांबले की थांबतं."

माझ्या हातातली भाकर तव्यावर करपली. तो आवाज मला ठाऊक होता. मादी पिल्लाला हाका मारती तो आवाज. बत्तीस वर्सांमागं ऐकला होता.

फडाचा एक नेम असतो. ऊस तोडताना बुडात बिबट्याचं पिल्लू घावलं, की तेवढं रान सोडायचं. सांजच्याला पिल्लू तिथंच कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठिवायचं, वर दगड ठिवायचा आन् आपल्या पाचटाच्या कोपीत निघून यायचं. मादी येती, डालगं पाडती, पिल्लू उचलून नेती. सकाळी तोड पुन्हा चालू. कुणी कुणाला तरास द्यायचा न्हाई. सगळ्या टोळ्या हा नेम पाळतात.

मी पाळला न्हाई. वीसएक वर्सांची असंल मी तेव्हा, तिकडं नगरच्या पल्याड फड होता. उसाच्या बुडात कोयता मारला आन् मला पिल्लू घावलं, वीतभर. मी रानमांजर समजले. खरं सांगायचं तर तसं समजून घेतलं. त्याच सांजंला मुकादमाचा सांगावा आला, फड संपला, गाड्या जुंपा. पिल्लू मी लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून गाडीत पाचटाखाली ठिवलं; गाड्या निघाल्या तेव्हा मागं रानात तीच करवत चालू झालती. पहाटं ते मेलं. थंडीनं मेलं, असं मी आमच्या मालकाला, बजरंगाच्या बापाला, सांगितलं, आन् दोघांनी फडक्यासकट पाटाच्या कडंला पुरलं. मागून येणाऱ्या टोळीनं सांगितलं, त्या मोकळ्या रानात मादी आठ दिवस वरडत फिरत होती. मंग एका सकाळी ती आमच्या गाड्यांच्या चाकोरीनं निघून गेली. मागं हटंना म्हणले. मालक हसले. म्हणले, चालू दे, बीड लई लांब हाय.

आता मालक न्हाईत.

तिथून पुढं ठसे रोज जवळ आले. बुधवारी टाकीपून गोठ्यापर्यंत. गुरवारी गोठ्यापून तुळशीपर्यंत. काळी वली माती, हिरवं पातं. सगळे येणारे. शुक्रवारी पहाटं मी घराच्या मागं गेले तर खिडकीखालचा मुरूम चेपलेला होता, भिंतीला टेकून कुणीतरी लई वेळ बसल्यावानी. मी हात लावून बघितला. कोमट होता.

त्या भिंतीच्या आत संस्कृती अभ्यासाला बसती.

तेव्हा मला भ्या वाटलं. तिथंच खाली बसले. त्या मादीचं एक लेकरू माझ्या गाडीत मेलं, आन् माझ्या घरात एक लेकरू हाय. हा हिसाब कुणालाबी कळंल. मंग बसल्या जागी मला राग आला, लई राग. बजरंगाचा, पप्पूचा, त्या मुकादमाचा, तिचाबी. जो उठतो तो माझी नात न्यायलाच येतो.

शनिवारी शाळा सकाळची. पोरीला मी आणायला गेले, घरात जेवू घातली, साखराबाईला तिच्याजवळ बसवलं. मंग कोंबड्यांचं डालगं काखंत घेऊन मावळतीच्या रानात गेले. सूर्य टेकायला आलता. मोकळी जागा बघून डालगं पालथं घातलं. खाली काईच न्हवतं. वर दगड ठिवला.

समोरच्या बोरीच्या झाडामागं करवत चालू झाली.

मी पळाले न्हाई. पळायला कंबर न्हाई माझी. तिथंच उभी राहिले.

"तुझं जे होतं ते घेऊन जा," मी म्हणलं. "त्या वर्सी द्यायचं राहिलं, ते चुकलं माझं. माझं चुकलं, पोरीचं न्हाई. घरातलं लेकरू माझं हाय. ते मी फडाला दिलं न्हाई, बापाला दिलं न्हाई, तुलाबी देणार न्हाई. काय करायचं ते मला कर."

करवत थांबली.

उसाचा वास आला, एवढा की तोंडात गोडसर चव उतरली. मी पाठ फिरवली. घरापर्यंत हळूहळू चालत आले. एकदाबी मागं बघितलं न्हाई.

सकाळी उठले तर शेळ्या उगवतीला तोंड करून उभ्या होत्या. साखराबाईचं कुत्रं भुंकत होतं, कारण पप्पूची जीप आली होती. बजरंग उतरला. डोळे तांबडे, रातभर बसून आलता. माझ्याशी बोलायच्या आधी त्यानं सुनितानं दिलेली पिशवी पोरीच्या कापडांसाठी उघडली.

"आधी रान बघ," मी म्हणलं. "मंग भर."

तो बडबडत माझ्यामागं आला. रानात डालगं आडवं पडलं होतं, दगड हातभर बाजूला. तिथून ठसे निघाले होते. पहिल्यांदा जाणारे. मोठे, खोल, मावळतीकडं तोंड असलेले. काळ्या मातीचा एक कणबी त्यात न्हवता, नुसता आमचा पांढरा मुरूम.

बजरंग खाली वाकला. वीस वर्सं कोयता चालवलाय त्यानं, त्याला पंजा कळतो. तो ठशांच्या कडंकडंनं पार बोरीपर्यंत गेला. मी डालग्यापशीच थांबले, तुळशीकडं तोंड करून. लांबून पोरगी दारात उभी दिसत होती, दप्तर छातीशी धरून.

"गेली," तो तिथूनच म्हणला. "माय, खरंच मादी होती की. गेली ती." मंग पुन्हा म्हणला, "राहू दे संस्कृतीला. परीक्षा होऊ दे."

मी पदर तोंडाला लावला. रडू आलं मला, लपवायचं काय त्यात.

"माय," बजरंग बोरीपशनं म्हणला. "तिच्यासंगं पिल्लू हाय बघ. इवलासा पंजा. पर हे असं कसं? ह्याचे तीनच पाय उमटलेत."

"पुढचा उजवा न्हाई," मी म्हणलं.

मी वळले तर तो उकिडवा बसून, मान वर करून माझ्याकडंच बघत होता. तोवर मी डालग्यापशीच उभी होते, चाळीस पावलं लांब, ठशांकडं पाठ करून.

मंग तो उठला आन् घरात गेला. मी मागनं आले तर दारातून दिसलं, भिंतीपुढं उभा होता, कोयत्यासमोर. त्यानंबी हात लावला न्हाई.